तोंडची कविता आणि ऐकणाऱ्यांची सभा : लखनौच्या संदर्भात एक तौलनिक विचार

१

गेल्या दहापंधरा वर्षांत आपल्या विद्यापीठांच्या परिसरांत कवितेचा एक प्रकार चांगलाच रूढ झाला आहे. विद्यार्थी त्याला ‘स्पोकन वर्ड’ म्हणतात. ही कविता आधी छापली जात नाही. कवीने स्वतः उभे राहून, बहुधा पाठ म्हणून, समोरच्या मंडळींना ती ऐकवायची असते. प्रस्तुत लेखात तिला ‘वाचिक कविता’ असे म्हटले आहे. या कवितेमुळे बुजऱ्या विद्यार्थ्याला धीर येतो, घरापासून दूर आलेल्याला आपली माणसे भेटतात, असा अनुभव शिक्षक वारंवार सांगतात. अनुभव खरा आहे. त्याची जी उपपत्ती दिली जाते ती मात्र तपासून घेतली पाहिजे.

रूढ उपपत्ती अशी की, मनात कोंडलेले बोलून टाकले म्हणजे मन मोकळे होते आणि मोकळ्या मनाला आत्मविश्वास लाभतो. एवढ्यावर भागत असते तर मंचावर जाऊन आलेला प्रत्येक विद्यार्थी तेथून धीट होऊन परतला असता. तसे होत नाही. कित्येक जण एकदाच कविता म्हणतात, टाळ्या घेतात आणि पुन्हा त्या बाजूस फिरकत नाहीत. ज्यांच्या बाबतीत काही घडते, ते का घडते, हा खरा प्रश्न आहे.

प्रस्तुत लेखकाचे म्हणणे थोडक्यात असे : वाचिक कवितेतून येणारा आत्मप्रत्यय हा बोलण्यापेक्षा ऐकले जाण्यातून अधिक येतो, आणि ऐकले जाणे ही केवळ श्रोत्यांच्या सौजन्याची बाब नसून ती एक घडवलेली व्यवस्था असते. त्या व्यवस्थेला नियम असतात, तिच्यात नवख्याची जागा ठरलेली असते, त्याची परीक्षा असते आणि त्याची दुरुस्तीही असते. हे तपासण्यासाठी लखनौसारखे दुसरे शहर क्वचितच सापडेल. येथे आधी या शहराच्या जुन्या सभेचा, मग तिच्यात वाढलेल्या एका विद्यार्थ्याचा, त्यानंतर मराठी परंपरेचा आणि शेवटी आजच्या जानकीपुरममधील विद्यार्थ्यांचा विचार केला आहे.

२

मुशायरा म्हणजे कवींनी एकामागून एक कविता म्हणणे, एवढाच अर्थ मराठी वाचकाच्या मनात असतो. मुशायऱ्याची रीत पाहिली म्हणजे तो अपुरा वाटू लागतो. जुन्या बैठकीत ज्याची पाळी येई त्याच्यापुढे शमा, म्हणजे दिवा, आणून ठेवीत. दिवा समोर आला की तेवढ्यापुरती सभा त्याची. क्रमही ठरलेला असे. नवोदितांनी आधी म्हणायचे, उस्तादांनी शेवटी. म्हणजे नवख्याला रात्रीच्या आरंभीची ताजी सभा मिळे, आणि त्याच्या मागून येणारे सर्व ज्येष्ठ कवी तोवर त्याचे श्रोते होऊन बसलेले असत.

श्रोत्यांचेही एक काम असे. शेराची पहिली ओळ, म्हणजे पहिला मिसरा, कवीने म्हटला की श्रोते तो उचलून परत म्हणत. त्यामुळे दुसऱ्या ओळीची उत्कंठा वाढे, शिवाय बुजऱ्या कवीला श्वास घ्यायला अवसर मिळे. ‘इर्शाद’, ‘मुकर्रर’ यांसारखे शब्द नुसती स्तुती नसतात. कवीने पुढे म्हणावे की तेच पुन्हा म्हणावे, ही सूचना त्यांत असते. तरही मुशायऱ्यात सर्वांना एकच ओळ आधी दिलेली असे. तिच्या वृत्तात, तिच्याच काफिया-रदीफमध्ये प्रत्येकाने गझल बांधून आणायची. काय लिहावे हा नवख्याचा अर्धा पेच तेथेच सुटे. आणि मुशायऱ्याबाहेर, उस्तादाच्या घरी, ‘इस्लाह’ चाले. शागिर्दाने आपली गझल दाखवायची आणि उस्तादाने ती दुरुस्त करायची, अशी ही पद्धत होती.

लखनौमध्ये याला आणखी एका परंपरेची जोड होती. मीर अनीस आणि मिर्झा दबीर या एकोणिसाव्या शतकातील दोन मर्सियाकारांनी मजलिशीतील पठणाला कळस गाठून दिला. अनीस १८७४ मध्ये आणि दबीर १८७५ मध्ये वारले. चालीवर म्हणण्याला ‘तरन्नुम’ म्हणतात आणि चालीविना, केवळ शब्दांचे वजन, विराम व आवाजाचा चढउतार यांच्या बळावर म्हणण्याला ‘तहतुल्लफ्ज’. मर्सिया तहतुल्लफ्ज म्हणण्याची कला या शहरात पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली गेली. आजच्या विद्यार्थ्यांना जी गोष्ट अमेरिकेतून आलेली वाटते, तिला या शहरात फार जुने नाव आहे, ते असे.

या सभेचा गौरव करताना तिची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. शमा सर्वांपुढे येत नव्हती. स्त्रिया बहुतेक पडद्याआड राहत. ज्यांच्याकडे उर्दू-फारसीचे शिक्षण नव्हते ते दाराबाहेर. नियम हे आत घेण्यासाठी असतात तसेच बाहेर ठेवण्यासाठीही असतात. ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची ठरते.

३

या व्यवस्थेत एखादा विद्यार्थी कसा घडतो, याचे बोलके उदाहरण म्हणजे कैफी आझमी. आझमगढ जिल्ह्यातील मिजवान हे त्यांचे गाव. वयाच्या अकराव्या वर्षी त्यांनी एका मुशायऱ्यात गझल म्हटली. अध्यक्षस्थानी मानी जायसी होते. त्यांनी दाद दिली. पण घरच्यांचा विश्वास बसेना. थोरल्या भावाची गझल याने आपली म्हणून म्हटली असणार, असा वडिलांचा समज झाला. भावाने इन्कार केला, तेव्हा परीक्षा घ्यायचे ठरले. मुलाला एक ओळ देण्यात आली आणि त्याच वृत्तात, त्याच यमकात गझल बांधायला सांगितले. त्याने ती बांधली. हीच गझल पुढे बेगम अख्तर यांनी गायिली आणि ती सर्वतोमुखी झाली.

ही हकीकत बालप्रतिभेची गोष्ट म्हणून सांगितली जाते. आपल्या दृष्टीने तिच्यातील परीक्षा अधिक महत्त्वाची आहे. मुलावर अविश्वास होता हे खरे. पण त्या अविश्वासाला निर्णय लावण्याची एक मान्य रीत उपलब्ध होती. ओळ द्यायची आणि पाहायचे. वडील, त्यांचे कारकून आणि मुलगा, तिघांनाही ही रीत मान्य होती. म्हणून मूल जिंकले तेव्हा ते कोणाच्या कृपेने जिंकले नाही. येथे आत्मविश्वासाला बाहेरचा पुरावा होता. नुसती शाबासकी मिळालेल्या मुलाला आपण खरोखर चांगले आहोत की समोरचे दयाळू आहेत, हे कधीच कळत नाही. कैफींना ते कळले.

पुढे घरच्यांनी त्यांना लखनौच्या सुलतान-उल-मदारिस या धार्मिक विद्यालयात घातले. मौलवी व्हावे ही अपेक्षा. तेथे त्यांनी विद्यार्थ्यांची संघटना उभी केली, व्यवस्थापनाशी संघर्ष झाला, संप झाला. संपाच्या काळात ते कविता करून सोबत्यांना ऐकवीत. कथाकार अली अब्बास हुसैनी यांनी त्या ऐकल्या आणि त्यांची गाठ एहतेशाम हुसैन यांच्याशी घालून दिली, असे कैफींच्या आठवणींत येते. एहतेशाम हुसैन हे लखनौ विद्यापीठात उर्दूचे अध्यापन करणारे मान्यवर समीक्षक. त्यांच्यामुळे अली सरदार जाफरी भेटले. मदरसा सुटला, पण एक नवे मंडळ मिळाले. एप्रिल १९३६ मध्ये प्रेमचंदांच्या अध्यक्षतेखाली प्रगतिशील लेखक संघाची पहिली परिषद याच शहरात भरली होती. तिची हवा अजून ताजी होती.

येथे सभेचे रूप बदललेले दिसते. पहिल्या प्रसंगी तयार सभा होती आणि तिने मुलाला आत घेतले. दुसऱ्या प्रसंगी असलेल्या संस्थेत जागा उरली नाही, तेव्हा संपकरी सोबत्यांचीच सभा झाली. परंतु जुन्या सभेचा संस्कार सुटला नाही. वृत्ताची जाण, तहतुल्लफ्ज म्हणण्याची धाटणी, श्रोत्याने मध्येच दाद द्यावी ही अपेक्षा, हे सारे कैफींनी सोबत नेले. १९४३ मध्ये ते मुंबईस आले, कम्युनिस्ट पक्षाच्या ‘कौमी जंग’ या उर्दू पत्रात काम करू लागले आणि कामगारांपुढे कविता म्हणू लागले. लखनौची सभा अशा रीतीने मुंबईला पोचली.

४

ज्या मुंबईत कैफी आले तेथे मराठीची स्वतःची वाचिक सभा जोरात होती. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभे केले. शाळेत दीड दिवस गेलेले अण्णा भाऊ ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ रचून हजारोंच्या सभेपुढे उभे राहत होते. शाहिरीतही श्रोता मुका नसतो. शाहिराची ओळ संपते तेथे झीलकरी ती उचलतात, आणि झीलकऱ्यांमागून मैदान ती उचलते. मिसरा उचलणे आणि झील धरणे यांतील संगीत वेगळे असले तरी काम एकच. म्हणणाऱ्याला एकटे पडू न देणे, हे ते काम.

आत घेतले न जाणाऱ्यांनी स्वतःची सभा उभारावी, हे महाराष्ट्रात अधिक ठळकपणे घडले. सत्यशोधक जलशांतून आंबेडकरी जलसे निघाले. त्या परंपरेत वामनदादा कर्डक येतात. सिन्नर तालुक्यातील देशवंडी हे त्यांचे गाव. मुंबईत एकाने त्यांच्याकडे पत्र वाचून घेण्यासाठी आणले; त्यांना वाचता येत नव्हते; त्या शरमेतून ते मोठेपणी अक्षरे शिकले. १९४३ मध्ये त्यांनी पहिले गीत रचले. मे २००४ मध्ये निधन होईपर्यंत ते गावोगावच्या वस्त्यांतून गात राहिले. ज्या माणसाला पत्राने खाली पाहायला लावले होते, त्याला गाण्याने वस्तीतल्या घराघरात जागा दिली. त्यांच्या श्रोत्यांपैकी पुष्कळांना वाचता येत नव्हते. परंतु कोणती ओळ खरी बसली आणि कोणती नाही, हे त्यांना नेमके कळत होते. अशा श्रोत्यांची दाद ही परीक्षाच असते.

याउलट मराठीच्या शिष्ट काव्यव्यवहाराचा वाचिक कवितेशी संबंध काहीसा अवघडलेला राहिला आहे. १९२३ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळात कवी एकत्र जमून परस्परांच्या कविता ऐकत, त्यांवर बोलत. नवख्या कवीला घडवणारी सभा ती हीच. पण मंडळाच्या कवींचे जाहीर काव्यगायन लोकप्रिय झाले, त्याचे अनुकरण बोकाळले आणि अत्र्यांच्या ‘झेंडूची फुले’ या विडंबनसंग्रहाने (१९२५) त्या कवितेची यथेच्छ थट्टा केली. पुढे मर्ढेकरांनंतरची नवकविता पुष्कळ अंशी डोळ्यांनी, एकांतात वाचायची कविता झाली. म्हणून दाखवलेली कविता म्हणजे हलकी कविता, असा एक अलिखित संकेत समीक्षेत रुजला.

विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर यांनी संयुक्त काव्यवाचनांनी या संकेताला मोठाच छेद दिला; त्यांनी गावोगावी कवितेला श्रोते मिळवून दिले. तरीही ती नामवंतांची मैफल होती. नवख्याने आधी म्हणावे आणि ज्येष्ठांनी ऐकावे, ही मुशायऱ्याची पायरी तीत नव्हती. असण्याची अपेक्षाही नव्हती. ती पायरी मराठीत आणण्याचा प्रयत्न केला तो सुरेश भटांनी. ‘गझलेची बाराखडी’ लिहून त्यांनी नवोदितांच्या हाती नियम दिले, त्यांच्या गझला तपासल्या, दुरुस्त केल्या. मराठीत इस्लाहची रीत रुजली ती मुख्यतः त्यांच्यामुळे. विदर्भ-मराठवाड्यातील लहान गावांतून लिहिणाऱ्या किती तरुणांना आपण कोणाच्या तरी खिजगणतीत आहोत हे या दुरुस्त्यांमुळे प्रथम जाणवले असेल, याची कल्पना करता येते.

५

आता जानकीपुरम. लखनौच्या उत्तरेस, सीतापूर रस्त्याच्या बाजूला वाढलेली ही वसाहत. विद्यापीठाचा मूळ परिसर गोमतीकाठी बादशाहबागेत. दुसरा परिसर येथे. तंत्रशास्त्र विद्यापीठही याच बाजूला. त्यामुळे सीतापूर, हरदोई, लखीमपूरकडून आलेली मुले-मुली येथे भाड्याच्या खोल्या घेऊन राहतात. घरची बोली अवधी, वर्गातली भाषा प्रमाण हिंदी, स्पर्धेच्या परीक्षांची भाषा इंग्रजी. तोंड उघडण्यापूर्वी कोणती भाषा बाहेर येईल याचा हिशेब करावा लागतो, आणि या हिशेबातच पुष्कळांचे बोलणे अडते. बुजरेपणा हा स्वभावदोष समजण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे.

अभ्यागत प्राध्यापक म्हणून येथे असताना प्रस्तुत लेखकाने विद्यार्थ्यांची एक साप्ताहिक बैठक जवळून पाहिली. घराच्या गच्चीवर पंधरावीस जण जमत. त्यांतील विधी शाखेच्या एका विद्यार्थिनीचे उदाहरण येथे पुरेसे आहे. पहिल्या वेळी तिने मोबाइलवर ऐकलेल्या कवितांच्या धर्तीवर, त्याच हेलात, हिंदीत काही म्हटले. सर्वांनी चुटक्या वाजवल्या. नंतर विचारले असता ती म्हणाली, सर्वांना आवडले, पण कोणी ऐकले नाही. पुढे काही आठवड्यांनी तिने आजीच्या जात्याविषयी अवधीत चार कडवी म्हटली. दुसऱ्या कडव्याच्या पहिल्या ओळीला हरदोईचा एक मुलगा, बहुधा नकळत, ती ओळ मोठ्याने परत म्हणाला. ती थांबली, त्याच्याकडे पाहिले आणि मग उरलेली ओळ कागद न पाहता म्हटली. बैठक संपल्यावर उर्दू वाचणाऱ्या एका ज्येष्ठ श्रोत्याने तिसऱ्या कडव्यात एक मात्रा जास्त होते हे दाखवून दिले व पुढच्या रविवारी दुरुस्त करून आणायला सांगितले. तिने ती आणली. त्यानंतर तिने बैठक चुकवल्याचे प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही. पुढे ती वर्गातही प्रश्न विचारू लागली, आणि प्रश्न विचारताना मध्येच एखादा अवधी शब्द आला तर तो गिळेनाशी झाली.

या घटनाक्रमात काय काय आले ते पाहावे. चुटक्यांनी झाले नाही ते ओळ उचलली गेल्याने झाले. अवधीत म्हणण्याचे धाडस तिचे होते. पण त्या धाडसाला उत्तर देऊ शकणारा माणूस गच्चीवर होता. आणि मात्रेची दुरुस्ती तिला अपमान वाटली नाही, कारण दुरुस्तीत पुढच्या रविवारचे बोलावणे होते. ज्याची वाट पाहिली जाते तो त्या मंडळाचा झालेला असतो. आपलेपण याहून वेगळे काय असते, हे सांगणे कठीण आहे.

तिने उचललेली बोली काव्यपरंपरेत पोरकी नव्हती, हेही सांगितले पाहिजे. सीतापूर जिल्ह्याचेच बलभद्रप्रसाद दीक्षित ‘पढीस’ यांचा ‘चकल्लस’ हा अवधी संग्रह १९३३ चा; लखीमपूरचे वंशीधर शुक्ल; आणि लखनौ आकाशवाणीवरून अवधीला घराघरात नेणारे चंद्रभूषण त्रिवेदी ‘रमई काका’. प्रमाणभाषेच्या अभ्यासक्रमात ही नावे फार वेळ घेत नाहीत. मराठीत बहिणाबाई चौधरींची कविता तोंडी होती. मुलगा सोपानदेव यांनी ती जपली आणि १९५२ मध्ये ती ग्रंथरूपाने आली, तेव्हा खानदेशी बोलीला काव्याच्या दरबारात एकदम मान मिळाला. जात्यावरची ओळ गच्चीवर म्हणणाऱ्या मुलीला हे पूर्वज माहीत करून देणे, हे अध्यापकाचे काम आहे.

६

आजच्या वाचिक कवितेचा परदेशी उगम मार्क स्मिथ या बांधकाम कामगाराने १९८६ मध्ये शिकागोच्या ग्रीन मिल या ठिकाणी सुरू केलेल्या काव्यस्पर्धेशी जोडला जातो. श्रोत्यांतूनच परीक्षक निवडायचे, त्यांनी शून्य ते दहा गुण द्यायचे, अशी ती पद्धत. तिच्यामागील प्रेरणा लोकशाहीची होती : कविता विद्वानांच्या ताब्यातून काढून श्रोत्यांच्या हाती द्यावी. खुल्या मंचामुळे मुशायऱ्याच्या दाराबाहेर राहिलेल्यांना, विशेषतः स्त्रियांना, आत येता आले. ही तिची मोठीच देणगी आहे आणि जुन्या सभेच्या प्रेमात पडून ती विसरणे अन्यायाचे होईल.

परंतु गुण मिळणे आणि दुरुस्ती मिळणे यांत फरक आहे. गुणांनी स्थान कळते; दुरुस्तीने वाट कळते. दृक्‌फितींच्या आजच्या प्रसारात तर श्रोते लाखांनी असतात, पण ओळ उचलायला त्यांतला एकही समोर नसतो. तेव्हा मुशायऱ्याने दिलेले आणि खुल्या मंचाने दिलेले, दोन्ही एकत्र कसे आणावे हा आपल्यापुढील प्रश्न आहे. दार खुल्या मंचाचे असावे आणि आतली रीत मुशायऱ्याची किंवा शाहिरीची असावी, असे त्याचे उत्तर सुचवावेसे वाटते.

अध्यापनाच्या दृष्टीने यातून चार गोष्टी निघतात. पहिली, नवख्या विद्यार्थ्याला मोकळा विषय देण्याऐवजी एक ओळ द्यावी. मोकळेपणाचे ओझे ओळीच्या ओझ्यापेक्षा जड असते. दुसरी, नवख्याने आधी म्हणावे, आणि अनुभवी विद्यार्थ्यांनी व शिक्षकांनीही मागून म्हणावे. शिक्षक स्वतः कधीच म्हणत नसेल तर ती सभा राहत नाही, परीक्षा होते. तिसरी, श्रोत्यांना ऐकण्याची रीत शिकवावी : ओळ उचलणे, पुन्हा म्हणायला सांगणे, कुठे अडले ते नेमके सांगणे. चौथी, प्रत्येक कवितेला एक तरी दुरुस्ती आणि पुढची तारीख मिळावी. यांपैकी एकालाही पैसा लागत नाही. एक गच्ची आणि आठवड्यातील एक संध्याकाळ पुरते.

तौलनिक अभ्यासकांसाठीही येथे काम आहे. आपण संहितांची तुलना पुष्कळ केली. सभांची तुलना फारशी केलेली नाही. मिसरा उचलणे, झील धरणे, कीर्तनातील टाळकऱ्यांनी चरण परत घेणे, अशा रीतींचा एकत्रित अभ्यास झाला तर भारतीय कवितेच्या इतिहासात श्रोत्याला त्याची जागा मिळेल. कैफींच्या वडिलांनी दिलेली ओळ, वामनदादांच्या मैदानातली झील आणि जानकीपुरमच्या गच्चीवर एका मुलाने नकळत परत म्हटलेली ओळ, या तिन्ही गोष्टी एकाच इतिहासाच्या आहेत. त्या इतिहासाचे कागद फारसे उरलेले नाहीत. तो ऐकणाऱ्यांच्या सवयींत उरला आहे, आणि या सवयी शिकवल्या नाहीत तर पुढच्या पिढीपर्यंत त्या आपोआप जाणार नाहीत.